तंजावरच्या तारांवर आयरिश चाल

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूरची भवानी ही भोसल्यांची कुलस्वामिनी. तिच्या गोंधळांत संबळाच्या जोडीला तुणतुण्याची एकच तार अखंड सूर धरून असते. भोसल्यांनीं या देवीचें नांव दूर कावेरीकांठीं नेलें. व्यंकोजीराजांनीं इ. स. १६७६ च्या सुमारास तंजावरास मराठी राज्य स्थापिलें, आणि त्या वंशांत ‘तुळजाजी’ नांवाचे दोन राजे झाले. पहिल्यानें ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ रचिला. दुसऱ्याचे दत्तक पुत्र सरफोजी. त्यांच्या राज्यकालांत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळांत, दक्षिणेंत जो स्वरसंगम घडला, त्याचा आज विचार करूं.

सरफोजींचें शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं झालें. त्यांच्या दरबारीं वीणेचा मान होता, तसाच युरोपीय बँडचाही होता. याच सुमारास मुत्तुस्वामी दीक्षितांनीं मद्रासेकडे ऐकलेल्या इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत पदें रचिलीं. त्यांस ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. ‘रेक्स ऑफ मॅलो’ ही आयर्लंडांतील मॅलो गांवच्या छांदिष्ट तरुणांच्या गाण्याची चाल. दीक्षितांनीं तीवर ‘वंदे मीनाक्षी’ हें देवीस्तवन बसविलें! त्यांचे बंधु बाळुस्वामी हे एका युरोपीय शिक्षकापासून फिडल, म्हणजे व्हायोलिन, शिकले. दीक्षितांच्या शिष्यांपैकीं वडिवेलु व त्यांचे तीन बंधु सरफोजींच्या आश्रयास होते. पुढें त्रावणकोरच्या स्वातितिरुनाळ महाराजांनीं वडिवेलूंस १८३४ मध्यें हस्तिदंती फिडल बक्षीस दिलें.

यावर कोणी म्हणेल, हा तर आपल्या संगीताचा भ्रष्टाकार! परंतु पुढें काय घडलें तें पाहावें. नोट्टुस्वर सारे शंकराभरणाच्या, म्हणजे आपल्या बिलावलाच्या, सरळ स्वरांत आहेत. त्यांत गमकास वाव नाहीं. म्हणून तीं पदें बहुधा मुलांच्या प्राथमिक पाठांपुरतींच राहिलीं. फिडलाची गोष्ट निराळी. त्यास पडदे नसल्यामुळें बोट तारेवरून हवें तसें घसरतें, आणि मींड व गमक सहज निघतात. आपल्या लोकांनीं तें वाद्य मांडी घालून, त्याचें टोंक पायाच्या घोट्यावर टेकून धरिलें, आणि त्याच्या चार तारा षड्ज, पंचम, षड्ज, पंचम अशा लाविल्या. चाल पाहुणी राहिली. वाद्य मात्र घरचें झालें. आज फिडलावांचून कर्नाटकी गायनाची बैठक क्वचितच होते.

हाच न्याय बाजाच्या पेटीस लावून पाहावा. तिचे स्वर ठोकळ्यांत बांधलेले. सुरांमधील वाट तिला चालतां येत नाहीं. याच दोषावर बोट ठेवून १९४० मध्यें नभोवाणीनें तिला मज्जाव केला, आणि तो उठावयास पुढें तीसेक वर्षें लागलीं. पेटी व फिडल दोन्ही परदेशचींच. पण आक्षेप एकीवरच आला. तेव्हां वाद्य कोठून आलें हा खरा प्रश्न नव्हे. तें आपल्या गळ्याची नक्कल करूं शकतें कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

तंजावरचें मराठी राज्य १८५५ मध्यें खालसा झालें. सरफोजींनीं वाढविलेलें सरस्वती महाल ग्रंथालय मात्र अद्याप उभें आहे. परक्याची वस्तु घ्यावी, पण ती आपल्या बैठकीवर बसवून घ्यावी, हा त्या काळाचा धडा आहे. भिऊन दार लावणाऱ्यास तो कळत नाहीं, आणि दिपून दार मोकळें टाकणाऱ्यासही कळत नाहीं.