चिनी जेडच्या मूर्तींची पारख

सोन्याला कसोटी आहे, हिऱ्याला जवाहिऱ्याचें भिंग आहे. परंतु चीनमधील जेडच्या कोरीव मूर्तीला अशी एकच एक परीक्षा पुरत नाहीं. मुठींत मावणारी एखादी मानवाकृति अथवा पशुमूर्ति समोर आली म्हणजे पारख्याला तीन प्रश्न सोडवावे लागतात: दगड कोणता, काम कसें झालें आणि काळ कोणता? पहिल्याचें उत्तर निश्चित मिळतें, दुसऱ्याचें बहुधा मिळतें. तिसऱ्याचें उत्तर देतांना मात्र मोठमोठ्या जाणत्यांनाहि जपून बोलावें लागतें.

चिनी भाषेंत या दगडास ‘यू’ म्हणतात. मोगल दरबारांत तो ‘यशब’ या नांवानें मान पावला होता. जेड या एका नांवाखालीं नेफ्राइट आणि जेडाइट हीं दोन निराळीं खनिजें मोडतात, हें १८६३ सालीं दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें. चीनच्या प्राचीन मूर्ती नेफ्राइटच्या आहेत; त्याच्या उत्पत्तीसाठीं खोतानच्या नद्या विशेष प्रसिद्ध. पाचूसारखें हिरवेंगार जेडाइट ब्रह्मदेशांतून येई, आणि चीनमध्यें त्याचा मोठा प्रसार झाला तो अठराव्या शतकापासून. म्हणून ब्रह्मी जेडाइटची मूर्ति कोणी दोन हजार वर्षांपूर्वींची म्हणून पुढें केली, तर तो दगडच विक्रेत्याविरुद्ध साक्ष देतो. ही साक्ष घेणें कठिण नाहीं. नेफ्राइट पाण्याच्या सुमारें तिप्पट जड असतें, तर जेडाइट सव्वातीन पटींहून किंचित् अधिक. मूर्ति एकदां हवेंत व एकदां पाण्यांत तोलली कीं भेद उघड होतो. जेड म्हणून खपविले जाणारे सर्पेंटाइन आणि शंखजिरें हे दगड दोहोंहूनहि हलके. पूर्वीं चाकूनें ओरखडा काढून पाहात. परंतु दीर्घकाळ पुरलेल्या अस्सल जेडचा पृष्ठभागहि कधीं कधीं मऊ पडतो, त्यामुळें ही परीक्षा जितकी क्रूर तितकीच फसवी ठरते.

‘कोरीव’ हा शब्दहि येथें जपूनच वापरावयास हवा. जेडवर छिन्नी चालत नाहीं. तो झिजवावा लागतो. जेडहून कठिण अशी वाळू पाण्यांत कालवून दोरीनें, नळीनें किंवा फिरत्या चाकानें दगडावर घासावयाची, ही चिनी कारागिरांची सहस्रावधि वर्षांची रीत. प्रत्येक साधन आपली खूण मागें ठेवितें. दोरीच्या खुणा वक्र असतात. चाकाची चीर मध्यें खोल आणि दोन्ही टोकांस निमुळती होते. आज अशा खुणांचे ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. अतिप्राचीन म्हणविणाऱ्या मूर्तीवर यांत्रिक हत्याराची खूण सांपडली, तर पुढचा वादच मिटतो.

काळाचा प्रश्न अधिक बिकट आहे. घडविण्याचें वर्ष खनिजांतून वाचण्याचा मार्ग नाहीं, आणि चीनमध्यें प्राचीनाचें अनुकरण हीहि एक प्राचीन परंपराच आहे. १०९२ साली ल्यू दालिन यानें पुराणवस्तूंचा सचित्र ग्रंथ रचला. सुंग काळांतील त्या अभिरुचीबरोबर जुन्या घाटाच्या नव्या वस्तूहि होऊं लागल्या. पुढें जेडला रंग देऊन, भाजून कृत्रिम जुनेपणा आणण्याची विद्या वाढली. सोळाव्या शतकांतील सूचौचा कारागीर लू झिगांग याची कीर्ति एवढी कीं, त्याच्या नांवाची मुद्रा नंतरच्या असंख्य वस्तूंवर उमटली. उलट, १७३५ ते १७९६ पर्यंत राज्य करणाऱ्या च्येनलुंग बादशहानें आपल्या संग्रहांतील खऱ्या प्राचीन जेडवर स्वतःच्या कविता कोरविल्या. यास्तव अर्वाचीन अक्षरें दिसलीं म्हणून वस्तु अर्वाचीन ठरत नाहीं, आणि थोर नांव दिसलें म्हणून ती त्या थोराची ठरत नाहीं.

या संभ्रमांत आधार मिळाला तो पुरातत्त्वाचा. १९७६ साली आन्यांग येथें शांग वंशांतील वू दिंग राजाची राणी फू हाओ हिची अभंग कबर उघडण्यांत आली. इसवी सनापूर्वीं सुमारें १२०० वर्षांच्या या कबरींत जेडच्या ७५५ वस्तू निघाल्या, आणि त्यांत गुडघे टेकून बसलेल्या मानवाकृतीहि होत्या. शांग काळची मूर्ति कशी असते, याचा निःसंशय नमुना तेथें हातीं आला. परंतु त्यांतच कांहीं वस्तू राणीच्याहि पूर्वींच्या, अश्मयुगीन हुंगशान संस्कृतीच्या घडणीच्या निघाल्या. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची ही राणीहि पुराण जेड जतन करीत होती! कबर फार तर ‘याच्या नंतरची नाहीं’ एवढेंच सांगूं शकते.

तथापि तेवढें सांगणेंहि अमोल आहे. चोरट्या खणतीनें बाजारांत आलेली मूर्ति अस्सल असली, तरी तिच्या शेजारची मातीचीं भांडीं, अस्थि, लेख यांची साक्ष कायमची नष्ट झालेली असते. मग घाट आणि झीज पाहून तज्ज्ञ आपलें मत देतात, आणि तें मतच राहातें. म्हणून जाणता संग्राहक मूर्तीच्या तकाकीला भुलण्यापूर्वीं ती कोठें सांपडली, कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली, हें विचारतो. आणि त्याचें उत्तर न मिळाल्यास ‘प्राचीन’ या शब्दाची किंमत देण्याचें नाकारतो.