दाणे टाकूनही कोंबडी अंडी का कमी देते? परसातल्या कोंबड्यांच्या खाद्याची माहिती

उन्हाळ्याच्या तोंडावर गावागावांत एक तक्रार हमखास ऐकू येते. कोंबडी धडधाकट आहे, सकाळ-संध्याकाळ मूठभर ज्वारी टाकतो, तरी अंडी कमी झाली. जी येतात त्यांचं कवच पातळ, उचलतानाच फुटतं. रोग समजून औषध आणलं जातं, पण बऱ्याचदा खोट खाद्यात असते.

ज्वारी, बाजरी, मका, तांदळाची कणी यांनी पोट भरतं, अंगाला ताकद मिळते. मात्र या धान्यांत प्रथिने जेमतेम आठ ते बारा टक्के आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाद्यातून मिळालं नाही, की कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते.

पावसाळ्यात ही उणीव कळत नाही, कारण उकिरड्यातले किडे, वाळवी, गांडुळं आणि कोवळं गवत ती भरून काढतात. रान वाळलं की हा फुकटचा खुराक संपतो. (पिसं गळत असतील किंवा कोंबडी खुडूक असेल तर अंडी थांबणारच, तिथं खाद्याला दोष देऊ नये.)

घरच्या घरी १० किलो मिश्रण करायचं तर मका किंवा ज्वारीचा भरडा ५ किलो, सोयाबीन पेंड अडीच किलो, तांदळाचा कोंडा दीड किलो, शिंपल्याची भरड ७०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण पाव किलो आणि मीठ ३० ग्रॅम. मीठ मोजूनच घालायचं, जास्त झालं तर कोंबड्या दगावतात. दिवसभर बाहेर चरणाऱ्या कोंबडीला यातलं ४०-५० ग्रॅम पुरतं, म्हणजे दहा कोंबड्यांना रोज अर्धा किलो. संध्याकाळी दिलं की कोंबड्या आपोआप खुराड्याकडे वळतात. जोडीला शेवग्याचा पाला, मेथीघास किंवा अझोला.

पिल्लांचं गणित वेगळं. पहिले आठ आठवडे त्यांना २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात, त्यासाठी तयार चिक स्टार्टर बरा. शिंपला मात्र अंड्यावर येईपर्यंत नको, जादा कॅल्शियमने पिल्लांचे मूत्रपिंड बिघडते. लहान-मोठ्या कोंबड्या एकत्र असतील तर शिंपला मिश्रणात न घालता वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला गरज ती टिपते. अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून बारीक चुरा करूनच. अख्खी टाकली तर कोंबडीला स्वतःचीच अंडी फोडायची सवय लागू शकते.

बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड "कोंबड्यांना चालतंय" म्हणून टाकू नये. त्यातल्या विषाने यकृत खराब होतं, पिल्लं तर पटापट मरतात. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं चुकूनही नको. सोयाबीनचे कच्चे दाणेही नकोत, ते नीट पचत नाहीत. पेंड वापरावी.

आणि पाणी. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, कडक उन्हात त्याहून कितीतरी जास्त. भांडं सावलीत ठेवून दिवसातून दोनदा धुवून भरावं.