अभियांत्रिकी पदवी आणि कुवेतमधील मानांकनाचा पेच

कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी व्यक्तीचा इकामा, म्हणजेच निवास परवाना, तिच्या व्यवसायाच्या नोंदीशी निगडित असतो. मार्च २०१८ मध्ये तेथील मनुष्यबळ प्राधिकरणाने अभियंत्यांच्या इकाम्याच्या नूतनीकरणासाठी कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्स या व्यावसायिक संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र अनिवार्य केले. भारतीय पदव्यांबाबत सोसायटीने नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजेच एनबीए, या मंडळाचे मानांकन हा निकष धरला. त्यामुळे कुवेतमध्ये आधीपासून काम करणाऱ्या अभियंत्यांच्याही पदव्या नव्याने पडताळणीच्या कक्षेत आल्या.

मान्यता आणि मानांकन

भारतात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा. संलग्न महाविद्यालयाला मान्यता देते अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद. एनबीएचे मानांकन या दोहोंहून वेगळे आहे. ते संस्थेला नव्हे, तर एकेका अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीसाठी मिळते. शिवाय ते ऐच्छिक आहे. म्हणून एकाच महाविद्यालयातील यंत्र शाखा मानांकित आणि स्थापत्य शाखा अमानांकित असू शकते. आयआयटी तर तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेच्या कक्षेबाहेरच आहेत. विद्यापीठांनाही तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी परिषदेच्या पूर्वपरवानगीची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात दिला होता. अर्थात, पदवी कायदेशीर असूनही मानांकन नसणे यात भारतीय कायद्याच्या दृष्टीने कोणतीही विसंगती नाही.

पूर्वलक्षी परिणाम

महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पर्व १९८३ मध्ये सुरू झाले. एनबीएची स्थापना १९९४ मधील. त्यापूर्वी पदवी घेतलेल्यांच्या शिक्षणकाळात असे मानांकन मिळवण्याची सोयच नव्हती. हे मंडळ २०१० मध्ये स्वायत्त झाले आणि २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला. ज्या निकषाची घडणच इतकी अलीकडची आहे, तो जुन्या पदव्यांना लावला गेला, हे या वादाचे मूळ होय.

भारतातील एक दाखला येथे बोधप्रद ठरतो. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निर्णय दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या. परंतु तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेद्वारे त्या टिकवण्याची संधीही दिली. नियामकांच्या त्रुटीचा सारा भार पदवीधरावर पडू नये, हा त्यामागचा विचार.

सद्यःस्थितीचा बोध

भारत सरकारने हा प्रश्न राजनैतिक पातळीवर कुवेतपुढे मांडला. तथापि परदेशी व्यवसायाची अर्हता ठरवण्याचा अधिकार यजमान देशाचा असतो आणि भारतीय न्यायालयाचा निर्णय तेथे बंधनकारक नसतो. पदवीची वैधता एका देशात ठरते, तिचे मोल दुसऱ्या देशात; या दोन निर्णयांना जोडणारी यंत्रणा नसल्यास त्याची किंमत पदवीधराला मोजावी लागते. म्हणूनच आखातात जाऊ इच्छिणाऱ्या अभियंत्याने, तसेच मुलांसाठी भारतातील महाविद्यालय निवडणाऱ्या पालकांनी, संस्थेच्या लौकिकावर विसंबून न राहता नेमक्या शाखेचे मानांकन आणि त्याचा कालावधी तपासून घेणे इष्ट आहे.