शंटिंगचं इंजिन

वेंगुर्ल्याला बंदर आहे, दीपगृह आहे, डचांची पडकी वखार आहे. रेल्वे मात्र नाही. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही कुडाळ-सावंतवाडीवरून पुढे गेली. तरी आमच्या वाडीत रेल्वेचे शब्द माझ्या लहानपणापासून होते. आगबोटीनं मुंबईला गेलेली कितीतरी माणसं गोदीत लागली होती आणि गोदीला स्वतःची रेल्वे होती. मुंबई बंदराची ही रेल्वे 1 जानेवारी 1915 ला सुरू झाली. धक्क्यावरचा माल वडाळ्यापर्यंत न्यायचा आणि तिथं मोठ्या रेल्वेच्या हवाली करायचा, हे तिचं काम.

माझे थोरले काका तिथं पॉइंट्समन होते. चतुर्थीला घरी आले की कोणी ना कोणी विचारायचं, तुमची गाडी खंयपर्यंत जाता? काका म्हणायचे, ‘‘आमचा इंजिन खंयच जाणा नाय, आणि थांबणाव नाय.’’

शंटिंगच्या इंजिनाचं सगळं आयुष्य त्या वाक्यात आहे. वाघिणी ओढायच्या, ढकलायच्या, एक इकडे, चार तिकडे. कपलिंग लावायला माणूस दोन वाघिणींच्या मधे शिरतो, तेव्हा ड्रायव्हरची नजर बावट्यावर आणि रात्री बत्तीवर. चुकीला तिथं माफी नाही.

या कामात वाफेचं इंजिन महाग पडे. दोन फेऱ्यांच्या मधे ते नुसतं उभं असलं तरी आग पेटती ठेवावी लागे. डिझेलचं काम नसलं तर बंद करता येतं. 1968 च्या सुमारास चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूडीएस-4 ही शंटिंगची डिझेल इंजिनं बनू लागली. ताकद सहा-सातशे अश्वशक्ती. त्याच काळात मेल गाड्या ओढणारं डब्ल्यूडीएम-2 होतं 2600 चं. पण शंटिंगला वेग नको, सावकाश आणि न हिसकता ओढणं हवं. इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून चाकांकडे जाई. ती रचना मनमोहन सुरी या आपल्याच इंजिनिअरची, म्हणून तिला सुरी ट्रान्समिशन म्हणतात.

मेलच्या इंजिनाचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात. शंटिंगचं मोजायचं कसं? भारतीय रेल्वेनं त्यावर एक तोड काढली: शंटिंगच्या दर तासाला आठ किलोमीटर धरायचे. मग चाकं प्रत्यक्षात कितीही फिरोत.

1989 साली समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. पोती, पेट्या, गाठी यांच्या जागी बंद कंटेनर आले, बाकीचा माल ट्रकवर चढला. एकेक वाघीण निवडून लावायचं काम आटत गेलं. लांब पल्ल्याच्या गाड्यांची नावं लोकांच्या लक्षात राहतात; शंटिंगच्या इंजिनाला नुसता नंबर असतो, आणि ती माणसंही तशीच गेली.

मी एकदा सहज हिशेब मांडला. आठ तासांची पाळी म्हणजे 64 किलोमीटर. आठ पाळ्या म्हणजे 512, मुंबई ते वेंगुर्लं साधारण तेवढंच. कागदावर ते इंजिन दर आठ पाळ्यांनी आमच्या गावात येऊन पोचत होतं. काका यायचे वर्षातून एकदा.