पाच जिन्नसांचे पेय

आपल्या डिंगोऱ्याजवळच्या जुन्नरला १६७५ साली एक इंग्रज डॉक्टर आला होता. नाव जॉन फ्रायर. मोगल अधिकाऱ्याने त्याला औषधपाण्यासाठी बोलावले होते. १६९८ साली लंडनात त्याचे प्रवासवर्णन छापले गेले. त्यात तो म्हणतो, इंग्रजांच्या ‘पंच’ या पेयाचे नाव आपल्या ‘पाच’वरून पडले. दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी अन् मसाला, हे ते पाच जिन्नस. दारू गोव्याची. पुढे वेस्ट इंडीजमध्ये तिच्या जागी उसाची रम आली, फळांचे रस आले. नाव मात्र तेच राहिले. पण हे पेय अंगातली शक्ती हरण करते, असेही फ्रायरने लिहून ठेवले आहे! तेव्हा डॉक्टरांचे ऐकावे. पहिला जिन्नस वगळला, की उरते काय? आपले घरचे लिंबाचे सरबतच की!