लंडनच्या दोन पेढ्या

१० मे १८६६ रोजी, गुरुवारी दुपारी, लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरील ओव्हरेंड, गर्नी आणि कंपनी या पेढीने व्यवहार बंद केले. हुंड्या वटविण्याच्या धंद्यात तिच्या तोडीची दुसरी पेढी नव्हती. नॉर्विचच्या गर्नी घराण्याचा, क्वेकरपंथीयांच्या सचोटीचा, लौकिक तिच्यामागे उभा होता. परंतु जुनी पिढी गेली आणि नव्या भागीदारांनी पैसा जहाजे, लोखंडाचे कारखाने आणि रेल्वे यांत घातला. तो तेथेच रुतून बसला. आतून पोखरलेली ही पेढी १८६५ च्या जुलैमध्ये मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून लोकांपुढे आली आणि नावाला भुलून लोकांनी तिचे शेअर घेतले. वर्ष पुरे होण्याच्या आतच तिचे दिवाळे वाजले. देणी १ कोटी १० लाख पौंडांच्या घरात होती.

तत्पूर्वी बँक ऑफ इंग्लंडकडे मदतीची याचना झाली होती. बँकेने वह्या तपासविल्या आणि नकार दिला. या नकारात जुन्या वैराचा अंश आहे, असे पुष्कळांस वाटले. त्याला कारणही होते. संकटकाळी हुंडीवाल्यांना हक्काने कर्ज देण्याची प्रथा बँकेने १८५८ मध्ये मोडली. तेव्हा चिडून गर्नींनी १८६० मध्ये सोळा लाख पौंड एकदम काढून घेऊन बँकेला हिसका दाखविला होता. पण वैर होते म्हणून हिशेब खोटा ठरत नाही. पेढी खरोखरच बुडालेली होती.

दुसरा दिवस शुक्रवार. भेदरलेली माणसे प्रत्येक बँकेच्या दाराशी लोटली. आणि ज्या बँकेने एका पेढीला हात दिला नव्हता, तिनेच त्या एका दिवसात सुमारे ४० लाख पौंड चोख तारणावर बाजारात ओतले! नोटांवर मर्यादा घालणारा १८४४ चा कायदा प्रसंग पडल्यास बाजूला ठेवण्याची मुभा अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी दिली. अट एकच, व्याज दहा टक्के. तो दर सुमारे तीन महिने टिकला. हादरा हिंदुस्थानापर्यंत पोचला. मुंबईतील कापसाचा आणि शेअरांचा फुगा तर आदल्याच वर्षी फुटला होता. आता, १८३३ मध्ये आग्र्यास स्थापन झालेली आणि पुढे लंडनच्या मास्टरमन पेढीशी एक झालेली बँकही जूनमध्ये बंद पडली.

या प्रसंगावरून मोठा वाद माजला. 'इकॉनॉमिस्ट' पत्राचे संपादक वॉल्टर बॅजट यांचे म्हणणे असे की, घबराटीत मध्यवर्ती बँकेने चढ्या व्याजाने आणि चांगल्या तारणावर मुक्तहस्ते कर्ज द्यावे. हे बँकेचे माजी गव्हर्नर टॉमसन हँकी यांना मुळीच पटेना. अडचणीत बँक धावून येणार, हे एकदा सराफांना कळले की स्वतःची गंगाजळी कोण राखील, असा त्यांचा प्रश्न होता. आज अर्थशास्त्रात ज्याला नैतिक जोखीम म्हणतात, ती हीच. बॅजट यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे: त्यांना बाजार वाचवावयाचा होता, बुडालेली पेढी नव्हे.

हा भेद १८९० मध्ये पुसट झाला. त्या वर्षी १७६२ पासून चालत आलेली बेअरिंग बंधूंची पेढी अर्जेंटिनाच्या कर्जरोख्यांत अडकली. ब्वेनोस आयरेसच्या पाणीपुरवठा कंपनीचे रोखे खपले नाहीत, ते अंगावर पडले. देणी सुमारे २ कोटी १० लाख पौंड. बँकेचे गव्हर्नर लिडरडेल यांनी या वेळी दार लावले नाही. त्यांनी फ्रान्सकडून ३० लाख आणि रशियाकडून १५ लाख पौंडांचे सोने मिळविले. बेअरिंगच्या हुंड्या घेताना होणाऱ्या नुकसानीचा निम्मा भार अवघ्या चोवीस तासांपुरता उचलण्यास सरकारला राजी केले. लंडनच्या बँकांना त्यांनी हमी लिहून देण्यास लावले आणि हमीची रक्कम शेवटी १ कोटी ७० लाखांवर गेली.

पेढी वाचली, हे सर्वांच्या ध्यानात राहिले. भागीदारांचे काय झाले, हे मात्र थोड्यांच्याच. त्यांची जबाबदारी अमर्यादित होती. लॉर्ड रेव्हलस्टोक आणि त्यांचे सहकारी यांची घरे, जमिनी, चित्रे विक्रीस निघाली आणि काही वर्षांत देणे फिटले. हमीदारांना एक पैही भरावी लागली नाही. ओव्हरेंडच्या भागधारकांवर मात्र शेअरांची न भरलेली रक्कम भरण्याची पाळी आली होती आणि फसवणुकीचा आरोप असलेले तिचे संचालक १८६९ मध्ये निर्दोष सुटले होते. कठोरपणा कोणत्या वर्षी अधिक झाला, हे ठरविताना या गोष्टी विसरून चालणार नाही.

नव्याने उभी राहिलेली बेअरिंग मर्यादित जबाबदारीची होती. १९९५ मध्ये सिंगापूरच्या एका कर्मचाऱ्याच्या सट्ट्यात तिचे सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंड गेले. बँक ऑफ इंग्लंडने या वेळी पैसा दिला नाही. हॉलंडच्या आयएनजीने ती एका पौंडाला घेतली. बाजार कोसळला नाही. पण २००८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड डळमळली तेव्हा ती जोखीम घेण्यास कोणी धजले नाही. तीत सरकारने एकूण ४,५५० कोटी पौंड घातले. पायउतार झालेल्या तिच्या प्रमुखाचे निवृत्तिवेतन आरंभी वर्षाला सुमारे सात लाख पौंड ठरले होते. लोकक्षोभानंतर ते निम्म्याच्या जवळपास आले. २०१२ मध्ये त्यांचा 'सर' हा किताब काढून घेण्यात आला.