बेनेडिक्टच्या नियमावलीतील आज्ञापालन : बायबलमधील प्रज्ञावचने आणि मठातील दैनंदिन जीवन

ख्रिस्ती मठजीवनाच्या इतिहासात आज्ञापालनाइतकी वादग्रस्त ठरलेली कल्पना दुसरी क्वचितच आढळेल. अठराव्या शतकातील युरोपीय बुद्धिवाद्यांनी मठवाशाच्या आज्ञापालनात स्वतंत्र बुद्धीचा त्याग पाहिला. मठपरंपरेच्या समर्थकांनी त्याच आज्ञापालनात भक्तीचा कळस पाहिला. या दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र निर्विवाद धरली होती. ती म्हणजे आज्ञा वरून खाली येते आणि पालन खालून वर जाते. पाश्चात्त्य मठजीवनाचा पाया मानल्या गेलेल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीला हे गृहीतक कितपत लागू पडते, याची तपासणी येथे करावयाची आहे. बायबलमधील प्रज्ञावचने रोजच्या व्यवहारास लावताना बेनेडिक्टने आज्ञा पाळणाऱ्याइतकेच आज्ञा देणाऱ्यालाही बांधून घेतले, आणि अखेरीस आज्ञापालनाला परस्परांच्या नात्याचे रूप दिले, असे नियमावलीच्या अंतर्गत पुराव्यावरून दिसते.

बेनेडिक्टचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास मध्य इटलीतील नुर्सिया येथे झाला. रोममधील शिक्षण अर्धवट टाकून तो सुबियाकोच्या डोंगरात एकांतवासात राहिला आणि पुढे ५२९ च्या सुमारास मोंते कासिनो येथे त्याने मठ स्थापिला, असे परंपरा सांगते. त्याच्या चरित्राचे जवळच्या काळातील एकमेव साधन म्हणजे पोप पहिला ग्रेगरी याने ५९३–५९४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘संवाद’ या ग्रंथाचा दुसरा भाग होय. तो चमत्कारकथांनी भरलेला असल्यामुळे चरित्रसाधन म्हणून जपूनच वापरावा लागतो. नियमावलीचे तसे नाही. प्रस्तावना आणि ७३ प्रकरणे एवढाच तिचा विस्तार आहे आणि तिच्यात चमत्काराला स्थान नाही. भाकरीचे वजन, मद्याचे माप, झोपण्याच्या जागा, स्वयंपाकाच्या पाळ्या, उशिरा येणाऱ्यांचे काय करावे, असल्या विषयांनी ती व्यापलेली आहे. ५३५ मध्ये सुरू झालेल्या गॉथिक युद्धाने इटलीची नागरी व्यवस्था खिळखिळी होत होती, त्याच कालखंडात ती सिद्ध झाली. स्वतंत्र कुळातले आणि दास्यात जन्मलेले, वृद्ध आणि बालक, असे सर्व एकाच छपराखाली नांदावेत कसे, हा तिच्यापुढील खरा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बेनेडिक्टने बायबलमधील ज्या भागाचा वारंवार आधार घेतला, तो भाग प्रज्ञावाङ्मय या नावाने ओळखला जातो. नीतिसूत्रे, ईयोब, उपदेशक ही पुस्तके त्यात येतात. सिराखचे पुस्तकही त्याच जातीचे आहे. प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये हे शेवटचे पुस्तक प्रमाण मानले जात नाही. कॅथलिक परंपरेत ते प्रमाण आहे. या वाङ्मयाचा विषय जिभेचा संयम, क्रोध, सल्लामसलत, आळस, दान, मुलांचे वळण असा घरगुती आहे. त्यात शहाणपणाचे पहिले लक्षण म्हणून ऐकण्याची तयारी सांगितली आहे. शलमोन राजा देवाजवळ जे मागतो, ते मूळ हिब्रूत ‘ऐकणारे अंतःकरण’ असे आहे. आणि त्या भाषेत ‘शामा’ हा एकच धातू ऐकणे व आज्ञा मानणे या दोन्ही अर्थांनी येतो. लॅटिनमधील ‘ओबेदिएन्तिया’ हा शब्दही ‘आउदीरे’, म्हणजे ऐकणे, या क्रियापदापासूनच निघाला आहे. मराठी वाचकास हा अर्थसंबंध अपरिचित वाटू नये. संस्कृतातील ‘शुश्रूषा’ शब्दाचा धात्वर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असाच आहे. त्यावरून तो गुरुसेवेस लागू झाला आणि मराठीत रुग्णसेवेपर्यंत येऊन स्थिरावला.

नियमावलीच्या प्रस्तावनेतील पहिलाच शब्द ‘ऐक’ या अर्थाचा आज्ञार्थ आहे. पित्याने पुत्राला उद्देशून बोलावे, ही नीतिसूत्रांतील धाटणी तेथे उचललेली दिसते. पुढे चौतिसाव्या स्तोत्रातील जीवनाची आवड धरणाऱ्या मनुष्याविषयीचा प्रश्न घेऊन प्रस्तावनेचा मोठा भाग उभारला आहे, आणि ऐकून आचरण करणारा मनुष्य खडकावर घर बांधणाऱ्यासारखा आहे, या मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृष्टांताचाही तेथे उपयोग केला आहे. ऐकणे आणि करणे यांच्यामध्ये अंतर राहू नये, हा या सर्व उताऱ्यांचा रोख आहे.

हे अंतर मिटविण्याची जागा म्हणजे प्रार्थनामंदिराइतकीच स्वयंपाकघर, कोठार आणि शेत होय, असे बेनेडिक्ट मानतो. मौनाविषयीच्या सहाव्या प्रकरणात त्याने बहुभाषणात पाप टळत नाही आणि जिभेच्या हाती जीवन-मरण असते, या नीतिसूत्रांतील दोन वचनांचा आधार घेतला आहे. मठाच्या कोठाऱ्याविषयीचे एकतिसावे प्रकरण तर प्रज्ञावचनाच्या व्यावहारिक उपयोगाचा नमुनाच आहे. एखाद्या बंधूने अवाजवी मागणी केली, तर कोठाऱ्याने त्याला तुच्छतेने दुखवू नये, कारण सांगून नम्रपणे नकार द्यावा; आणि देण्यासारखे काहीच नसेल, तर निदान चांगला शब्द द्यावा. चांगला शब्द उत्तम देणगीहूनही मोलाचा, हा सिराखचा विचार येथे कोठाराच्या कारभाराचा नियम होतो. मठाची भांडीकुंडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत, हेही त्याच प्रकरणात सांगितले आहे.

दैनंदिन वृत्तीच्या दृष्टीने नियमावलीत सर्वांत अधिक निषेध कुरकुरीचा आहे. पाचव्या प्रकरणात म्हटले आहे की, हातचे काम अपुरे टाकून तत्काळ आज्ञा पाळावी. पण पाळताना केवळ मनातल्या मनात कुरकुर केली, तरी ते पालन देवास मान्य होत नाही. एवढ्यावरून नियमावली केवळ कठोर ठरली असती. परंतु एकेचाळिसाव्या प्रकरणात बेनेडिक्ट मठाधिपतीस बजावतो की, बंधूंना न्याय्य कुरकुरीस कारण उरणार नाही अशा रीतीने सर्व गोष्टींची व्यवस्था लावावी. कुरकुर न्याय्यही असू शकते, ही कबुली महत्त्वाची आहे. ती कोरडीही नाही. आठवड्याच्या पाळीने वाढणाऱ्या बंधूंना जेवणाच्या वेळेपूर्वी नेमून दिलेल्या वाट्याखेरीज थोडी भाकरी व पेय द्यावे, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, असे पस्तिसावे प्रकरण सांगते. उपाशी माणसाकडून हसतमुख सेवेची अपेक्षा करणे हा आज्ञा देणाऱ्याचा दोष आहे, हे येथे गृहीत धरले आहे. चौतिसाव्या प्रकरणात प्रेषितांच्या कृत्यांतील पहिल्या मंडळीच्या आधाराने प्रत्येकास गरजेप्रमाणे द्यावे असे ठरविले आहे. ज्याची गरज कमी त्याने देवाचे आभार मानावेत आणि ज्याची गरज अधिक त्याने आपल्या दुर्बलतेमुळे नम्र व्हावे, म्हणजे हेवा उत्पन्न होत नाही.

मठाधिपतीवरील बंधने याहून स्पष्ट आहेत. तिसऱ्या प्रकरणानुसार महत्त्वाच्या प्रसंगी त्याने सर्व बंधूंना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. सर्वांना बोलावण्याचे कारणही दिले आहे : पुष्कळदा देव अधिक चांगली गोष्ट धाकट्यालाच प्रकट करतो. सल्ल्याने केलेल्या कामाचा पस्तावा होत नाही, या सिराखच्या वचनाने ते प्रकरण संपते. त्रेसष्टाव्या प्रकरणात वयावरून मान ठरवू नये, असे सांगताना शमुवेल व दानीएल यांनी बालवयात वडीलधाऱ्यांचा न्याय केला, याचे स्मरण करून दिले आहे. बाहेरून आलेल्या मठवाशाने नम्रपणे व सकारण काही दोष दाखविला, तर कदाचित देवाने त्याला त्याचसाठी पाठविले असेल, असा विचार मठाधिपतीने करावा, असे एकसष्टावे प्रकरण म्हणते. निर्णय अखेर मठाधिपतीचाच राहतो. परंतु ऐकण्याचे कर्तव्य त्याच्यावरही आहे आणि त्याबद्दलचा जाब त्याला देवापुढे द्यावयाचा आहे.

या तरतुदींचे वैशिष्ट्य ‘गुरूची नियमावली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनामिक ग्रंथाशी तुलना केल्यास उठून दिसते. हा ग्रंथ बेनेडिक्टच्या नियमावलीच्या सुमारे तिप्पट मोठा आहे. प्रस्तावनेपासून सातव्या प्रकरणापर्यंत दोन्ही ग्रंथांत पुष्कळ मजकूर शब्दशः समान आहे. हा मोठा ग्रंथ बेनेडिक्टवरून रचला असावा, अशी जुनी समजूत होती. १९३० नंतरच्या दशकात झनेस्तू या फ्रेंच बेनेडिक्टपंथीयाने क्रम उलट असल्याचे मत मांडले, आणि आदाल्बेर द व्होग्युए याच्या १९६४–६५ मधील आवृत्तीनंतर ते बहुतेक अभ्यासकांस मान्य झाले. काही विद्वानांचा विरोध पुढेही राहिला. बहुमान्य क्रम स्वीकारला, तर आज्ञापालनावरील व नम्रतेच्या बारा पायऱ्यांवरील कठोर प्रकरणे मुख्यतः वारशाने आलेली ठरतात. गुरूच्या नियमावलीत मठाधिपती आपला उत्तराधिकारी स्वतः निवडतो आणि त्या मानासाठी बंधूंमध्ये चढाओढ राखतो. बेनेडिक्टच्या चौसष्टाव्या प्रकरणात मठाधिपती समुदायाने निवडावयाचा आहे. त्याच प्रकरणात गंज फार खरवडताना भांडेच फुटू नये, चेपलेला बोरू मोडू नये, आणि एका दिवसात फार हाकल्यास कळप मरेल असे म्हणणाऱ्या याकोबाचा विवेक ठेवावा, असे उपदेश आहेत. भीतीपेक्षा प्रेम संपादन करण्याचा प्रयत्न मठाधिपतीने करावा, असेही तेथे म्हटले आहे.

आज्ञापालनाची कसोटी लागते ती अशक्य आज्ञेच्या प्रसंगी. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान कासियन याने इजिप्तमधील तपस्वी योहान याची एक कथा नोंदविली आहे. गुरूने जमिनीत खोवलेल्या वाळक्या काठीला रोज दोनदा पाणी घालण्याची आज्ञा दिली आणि दुरून पाणी आणून ती त्याने वर्षभर पाळली, असे ती कथा सांगते. कासियनचे ग्रंथ वाचावेत, अशी शिफारस बेनेडिक्टने स्वतः केली आहे. तेव्हा ही कथा त्याला ठाऊक होती, असे मानण्यास प्रत्यवाय नाही. तथापि अडुसष्टाव्या प्रकरणात तो निराळी वाट धरतो. आज्ञा जड वा अशक्य वाटली, तर बंधूने ती प्रथम शांतपणे स्वीकारावी. भार खरोखरच शक्तीबाहेरचा दिसल्यास योग्य वेळी, धीराने, गर्व वा हट्ट न दाखविता वरिष्ठास कारण सांगावे. त्यानंतरही आज्ञा कायम राहिली, तर देवाच्या साहाय्यावर भरवसा ठेवून प्रेमाने पाळावी. वाळक्या काठीच्या कथेत शिष्याला वाचा नाही. येथे ती आहे. उचित वेळी बोललेल्या शब्दाचे जे महत्त्व नीतिसूत्रांत वारंवार येते, त्याचाच हा उपयोग म्हणता येईल.

एकाहत्तराव्या प्रकरणात याच्याही पुढचे पाऊल टाकलेले आहे. आज्ञापालनाचे वरदान केवळ मठाधिपतीस अर्पण करावयाचे नसून बंधूंनी एकमेकांनाही द्यावयाचे आहे, असे तेथे सांगितले आहे. आणि बहात्तराव्या प्रकरणात परस्परांची आज्ञा मानण्यात अहमहमिका असावी, स्वतःच्या हितापेक्षा दुसऱ्याचे हित पाहावे, असा त्याचा विस्तार केला आहे. गुरूच्या नियमावलीतील चढाओढ पदासाठी होती. येथील चढाओढ सेवेसाठी आहे.

या विवेचनावरून नियमावली आधुनिक अर्थाने लोकशाहीवादी होती, असे मात्र अनुमान काढता येणार नाही. एकाहत्तराव्या प्रकरणातही धाकट्यांनी थोरांचे ऐकावे, हा क्रम कायम आहे. दुसऱ्या प्रकरणात मूर्ख शब्दांनी सुधारत नाही आणि पुत्राला छडीने मारून मृत्यूपासून वाचवावे, या नीतिसूत्रांतील वचनांच्या आधारे शारीरिक दंड समर्थिला आहे. मठात वाढणाऱ्या मुलांना तर उपवास व मार हे दंड स्पष्टपणे सांगितले आहेत. ज्या प्रज्ञावाङ्मयाने कोठाऱ्याला गोड शब्द शिकविला, त्यानेच छडीलाही प्रामाण्य दिले. मठाधिपतीने सर्वांचे ऐकून घेतल्यावर उलट निर्णय दिला, तर बंधूला दाद मागण्याची नियमित सोय नाही. समुदायाने आपल्या दोषांशी जुळणारा अयोग्य मठाधिपती निवडल्यास तेथील बिशप, शेजारचे मठाधिपती वा ख्रिस्तीजन यांनी हस्तक्षेप करावा, एवढीच बाह्य तरतूद आहे. ऐकण्याचे कर्तव्य सर्वांवर असले, तरी ते न पाळल्याचा परिणाम सर्वांना सारखा भोगावा लागत नाही. विवेकी मठाधिपतीच्या हाती ही नियमावली सौम्य ठरेल. अविवेकी मठाधिपतीच्या हाती पाचवे प्रकरण तेवढे जिवंत राहील आणि तिसरे केवळ उपचार होईल. बुद्धिवाद्यांची टीका या उणिवेवर नेमकी पडते, हे मान्य केले पाहिजे.

८१६ व ८१७ मध्ये आखेन येथील धर्मसभांनी, सम्राट लुई पायस व अनियानचा बेनेडिक्ट यांच्या पुढाकाराने, फ्रँकिश साम्राज्यातील मठांसाठी ही नियमावली प्रमाण ठरविली. त्यामुळे एका घरासाठी लिहिलेले शहाणपण साम्राज्याचा कायदा झाले. या स्थित्यंतरातही नियमावलीतील एक प्रथा टिकून राहिली आणि तिच्यातच बेनेडिक्टच्या आज्ञापालनाचे मर्म आहे. नवागताला एका वर्षात तीन वेळा संपूर्ण नियमावली वाचून दाखवावी आणि पाळणे शक्य नसेल तर मोकळेपणाने निघून जाण्याची मुभा द्यावी, असे अठ्ठावन्नावे प्रकरण सांगते. समुदायापुढेही तिचे वारंवार वाचन व्हावे, असा सहासष्टाव्या प्रकरणाचा आदेश आहे. हे वाचन चालू असता मठाधिपती आणि सर्वांत धाकटा बंधू एकाच ठिकाणी बसून तोच मजकूर ऐकत असत. आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे धाकट्याला जसे तेथे कळे, तसेच मठाधिपतीकडून काय अपेक्षित आहे, हेही कळे. आज्ञा देणाऱ्याची कर्तव्ये आज्ञा पाळणाऱ्याच्या कानी नियमाने पडत राहिली, ही या सहाव्या शतकातील ग्रंथाची आज्ञापालनाच्या इतिहासाला दिलेली देणगी होय.